पेटंट आहे, म्हणजे सुरक्षित आहे?

मराठी बोलण्यात ‘पेटंट’ या शब्दाने केव्हाच घर केले आहे. काकांचा पेटंट विनोद, मास्तरांचे पेटंट वाक्य, आजीची पेटंट आमटी. खास त्या माणसाची, दुसऱ्या कोणाला न जमणारी गोष्ट, एवढाच तिथे त्याचा अर्थ. बाजारात गेल्यावर मात्र हाच शब्द वेगळ्या वजनाने कानावर पडतो. विजेवरच्या स्कूटरचा विक्रेता सांगतो, ‘‘यातली बॅटरी पेटंटेड आहे, साहेब.’’ कंबरदुखीच्या पट्ट्याच्या खोक्यावर ‘पेटंटप्राप्त तंत्रज्ञान’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच पुढचे वाक्य उमटते : म्हणजे सरकारने तपासलेले दिसते!

सरकारने तपासलेले असते, हे खरे. पण नेमके काय तपासले, हे सहसा कोणी विचारत नाही. या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत कधी पैशांत मोजावी लागते, तर कधी भाजलेल्या कातडीत. म्हणून पेटंटची तपासणी कशी होते, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. त्यासाठी एक अगदी साधे वाटणारे यंत्र घेऊ : बॅटरीच्या कारखान्यात बॅटरीचे सुटे भाग उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवणारे यंत्र. उचलायचे आणि ठेवायचे, इतकेच त्याचे काम. यात शोध तो काय, असे कोणालाही वाटेल. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकालाही पहिला प्रश्न हाच पडतो.

बॅटरीच्या पोटात

मोबाइलमधली किंवा विजेवरच्या गाडीतली लिथियम-आयन बॅटरी म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत असते. एक पापुद्रा ॲल्युमिनियमच्या वर्खाचा, त्यावर धातूंच्या संयुगाचा लेप. हा कॅथोड. दुसरा तांब्याच्या वर्खाचा, त्यावर ग्रॅफाइटचा लेप. हा ॲनोड. दोघांमध्ये सेपरेटर नावाचा प्लॅस्टिकचा तलम पडदा. त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्या छिद्रांतल्या द्रवातून लिथियमचे आयन ये-जा करतात, पण दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना शिवू शकत नाहीत. बॅटरीची सारी सुरक्षितता या ‘न शिवण्यावर’ उभी असते.

हे पापुद्रे किती पातळ? तांब्याचा वर्ख साधारण ६ ते १० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सेपरेटर बहुतेक वेळा १० ते २५ मायक्रॉनचा. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. अशा पापुद्र्यांची चळत रचताना कॅथोड, पडदा, ॲनोड, पडदा हा क्रम एकदाही चुकून चालत नाही.

आणखी एक अट असते. ॲनोड कॅथोडपेक्षा चहूबाजूंनी किंचित मोठा ठेवतात. रचताना एखादा पापुद्रा सरकला आणि कॅथोडची कड ॲनोडच्या बाहेर गेली, तर चार्जिंगच्या वेळी तिथे लिथियम धातूच्या रूपात साचू लागते. त्याला सुईसारखे काटे फुटू शकतात. असा काटा पडदा भेदून पलीकडे पोहोचला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेतात, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. तज्ज्ञ याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. उधळलेल्या बैलाप्रमाणे ही क्रिया मग हाताबाहेर जाते.

हे केवळ कागदावरचे भय नाही. २००६ मध्ये लॅपटॉपच्या लाखो बॅटऱ्या जगभरातून परत मागवाव्या लागल्या. पेशींमध्ये धातूचे सूक्ष्म कण शिरले होते. २०१६ मध्ये ‘गॅलक्सी नोट ७’ हा फोन पेट घेऊ लागल्याने बाजारातून काढून घेण्यात आला. जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तपासात एका पुरवठादाराच्या बॅटरीत ऋण इलेक्ट्रोडचा कोपरा वाकलेला आढळला, तर दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाच्या वेळी राहिलेला धातूचा कंगोरा. पुढे एका विजेवरच्या मोटारीच्या बॅटऱ्या परत मागवल्या गेल्या, तेव्हा एकाच पेशीत दोन दोष एकत्र आल्याचे सांगितले गेले : ॲनोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर.

वाकलेला कोपरा, शिरलेला कण, दुमडलेला पडदा. यांतला कोणताही दोष रसायनशास्त्रातल्या सिद्धान्ताचा नाही. तिन्ही दोष बॅटरी घडवताना राहून गेलेले आहेत.

उचलणे इतके अवघड का?

हे काम माणसाच्या हाताने करता येत नाही. लिथियम बॅटरीला ओलाव्याचे वावडे असते. त्यामुळे जुळणीचे काम अतिशय कोरड्या खोलीत चालते. माणसाच्या श्वासातली वाफसुद्धा तिथे नकोशी. शिवाय एका पाळीत हजारो पापुद्रे, तेही मिलिमीटरच्या अंशाइतक्या अचूकतेने रचायचे असतात. म्हणून यंत्राचा हात हवा.

यंत्राचा हात म्हटला की डोळ्यांसमोर चिमटा येतो. पण इतक्या पातळ वर्खाला चिमट्याने धरले तर त्याला घडी पडणारच. दुसरा उपाय हवा शोषून घेणाऱ्या रबरी वाटीचा. काचेला चिकटणारा टॉवेलचा हूक ज्या तत्त्वावर काम करतो, तेच हे तत्त्व. पण वाटीच्या कडेने दाब एका वर्तुळात एकवटतो. वर्खावर वळ उठतो, लेपाची पूड सुटते, आणि ती पूड नेमकी नको तिथे जाऊन बसते.

तिसरी अडचण पापड लाटणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एक उचलायला जावे तर त्याला चिकटून दुसरा येतो. नोटा मोजताना रोखपाल बोट ओले करतो तेही याचसाठी. बॅटरीच्या चळतीत एकाऐवजी दोन ॲनोड गेले तर क्रमच बिघडला.

आणि चौथी अडचण खास या पडद्याची. सेपरेटरला छिद्रे असतात, त्याशिवाय त्याचे कामच होणार नाही. पण वरून हवा शोषली की ती छिद्रांतून आरपार खेचली जाते आणि खालचा पडदाही वरच्यासोबत उचलला जाऊ शकतो. जो गुण बॅटरीला चालवतो, तोच गुण उचलणाऱ्या यंत्राला गोत्यात आणतो.

यावर अभियंत्यांनी अनेक युक्त्या योजल्या आहेत. एका मोठ्या वाटीऐवजी बारीक छिद्रांची सपाट पाटी वापरून दाब सगळीकडे सारखा वाटायचा. चळतीच्या कडेला हवेची फुंकर मारून पापुद्रे मोकळे करायचे. उचलल्यावर हलका झटका द्यायचा, म्हणजे चिकटून आलेला पापुद्रा खाली पडेल. काही यंत्रे तर उलटेच करतात. ती हवा खेचत नाहीत, बाहेर फेकतात. यंत्राची पाटी आणि पापुद्रा यांच्यातल्या फटीतून हवा वेगाने बाजूंना धावली की तिथला दाब उतरतो आणि खालची वातावरणाची हवा पापुद्र्याला वर ढकलते. जवळजवळ स्पर्शाविनाच पापुद्रा तरंगत उचलला जातो. दानिएल बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचे नाते मांडले. त्याच्याच नावाने हे यंत्र ओळखले जाते.

परीक्षकाच्या टेबलावर

आता समजा, एखाद्या कंपनीने असे उचलण्याचे नवे यंत्र बनवले आणि भारतात पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकात्यात आहे. मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथे शाखा आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल भागातल्या बौद्धिक संपदा भवनात जातो.

अर्जात दोन महत्त्वाचे भाग असतात. पहिला वर्णनाचा. यंत्र कसे आहे, कसे चालते, हे त्या विषयातल्या माणसाला वाचून बनवता येईल इतक्या स्पष्टपणे लिहावे लागते. दुसरा भाग दाव्यांचा. जमिनीच्या उताऱ्यावर जसा चतुःसीमेचा उल्लेख असतो, तशी ही शोधाची चतुःसीमा. ‘एवढे माझे, इथे इतरांनी पाऊल ठेवू नये,’ असे दावे सांगतात. साहजिकच प्रत्येक अर्जदाराला आपले कुंपण जितके दूर घालता येईल तितके हवे असते.

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि मग तो कोणालाही वाचता येतो. ‘पेटंट’ हा शब्दच मुळात ‘उघडे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. हा समाजाशी केलेला सौदा असतो. तुम्ही आपली युक्ती सर्वांसमोर उघड करा, त्या बदल्यात २० वर्षे ती इतरांनी तुमच्या परवानगीविना वापरायची नाही. मुदत संपली की ती सर्वांची.

परीक्षेसाठी वेगळी विनंती करावी लागते. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. मग अर्ज परीक्षकाच्या टेबलावर येतो. समजा, त्यातला पहिला दावा असा आहे : ‘बॅटरीचा इलेक्ट्रोड किंवा सेपरेटर हवेच्या शोषणाने उचलून दुसऱ्या जागी ठेवणारे यंत्र, ज्यात छिद्रे असलेली सपाट पाटी आहे.’

परीक्षक तीन गोष्टी पाहतो. हे नवे आहे का? यात कल्पकतेची एखादी पायरी आहे का? आणि हे उद्योगात वापरता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे सोपे आहे. खरी झटापट पहिल्या दोन प्रश्नांची.

नवेपणाची कसोटी कडक, पण सरळ असते. दाव्यातली सगळी वैशिष्ट्ये जगात कुठेही, कोणत्याही भाषेत, अर्जाच्या तारखेपूर्वी एकाच ठिकाणी प्रसिद्ध झालेली आढळली, तर दावा नवा नाही. परीक्षक जुनी पेटंटे, नियतकालिके, प्रसिद्ध झालेले अर्ज धुंडाळतो. जपान, कोरिया, चीन या बॅटरीच्या माहेरघरांतली कागदपत्रे यात हमखास येतात.

समजा, नेमके असे यंत्र कुठेच सापडले नाही. मग येते कल्पकतेची पायरी, आणि तिथे परीक्षक बॅटरीचा कारखाना सोडून छापखान्यात शिरतो. लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका छापणाऱ्या यंत्रात कागदाचा एक-एक ताव हवेने शोषून उचलण्याची सोय फार जुनी आहे. ताव एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कडेला हवेची फुंकर मारतात. चुकून दोन ताव आले तर जाडी ओळखून यंत्र आपोआप थांबते. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत सिलिकॉनच्या नाजूक चकत्या बर्नुलीच्या तत्त्वावर उचलल्या जातात. मग परीक्षक लिहितो : कागद आणि सिलिकॉनसाठी जे ठाऊक होते, तेच बॅटरीच्या पापुद्र्यासाठी वापरले, यात विशेष ते काय? या विषयातल्या जाणकार कारागिराला हे सहज सुचले असते.

हा ‘जाणकार कारागीर’ कायद्याने कल्पिलेला माणूस आहे. त्याला आपल्या क्षेत्रातले सगळे ठाऊक असते, हात सराईत असतो, पण प्रतिभेची झेप त्याच्याकडे नसते. जे त्यालाही सुचेल, त्याला पेटंट मिळत नाही.

परीक्षकालाही एक मोह आवरावा लागतो. उत्तर समोर आल्यावर प्रश्न नेहमीच सोपा वाटतो. रुग्णाचे निदान पक्के झाल्यावर जुने एक्स-रे पुन्हा पाहिले की ‘ही सावली तर तेव्हाही दिसत होती,’ असे प्रत्येकाला वाटते. पण त्या दिवशी, त्या घडीला ती किती जणांच्या लक्षात आली असती? परीक्षकाने स्वतःला अर्जाच्या तारखेआधीच्या दिवसात नेऊन बसवायचे आणि मग ठरवायचे. नाहीतर पश्चातबुद्धीने कोणताही शोध किरकोळ ठरवता येईल.

पहिला परीक्षा अहवाल हाती आल्यावर अर्जदाराला उत्तरासाठी सहा महिने मिळतात. बहुतेक वेळा तो कुंपण आत घेतो. ‘छिद्रांची पाटी’ एवढ्यावर न थांबता तो म्हणतो : आमचे यंत्र पडद्यातून किती हवा गळते हे आधी मोजते आणि शोषण तेवढेच ठेवते, की वरचा पडदा उचलला जाईल, पण खालच्यापर्यंत ओढ पोहोचणार नाही. छापखान्यातल्या यंत्राने हा प्रश्न असा सोडवलेला नाही. आता परीक्षकाला पुन्हा विचार करावा लागतो. अडचण या पडद्याच्या गुणातूनच जन्मली आहे आणि उत्तरही त्याच गुणाचा आधार घेते. गरज पडल्यास सुनावणी होते. पेटंट देण्याआधी कोणालाही विरोध नोंदवता येतो. शेवटी नियंत्रक पेटंट देतो किंवा नाकारतो.

पहिल्या दाव्यात साऱ्या बॅटरी-उद्योगाची वाट अडवण्याची ताकद होती. शेवटच्या दाव्यात एका नेमक्या युक्तीचे संरक्षण उरले. परीक्षकाचे खरे काम हेच. त्याने कुंपण आत ढकलले नसते, तर हवेने कागद उचलण्याच्या जुन्याच गोष्टीवर एका कंपनीची २० वर्षांची मालकी बसली असती आणि त्याचा भुर्दंड शेवटी बॅटरी घेणाऱ्याच्या खिशाला पडला असता.

मिर्झापूरची थाळी

‘पकडण्याच्या’ यंत्रावरून भारतात एक गाजलेला खटला झाला आहे. पेटंट कायदा शिकणाऱ्याला तो आजही वाचावा लागतो. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर येथे पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवणारी एक कंपनी होती, हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. उथळ थाळ्या लेथवर फिरवून घासायच्या आणि चकचकीत करायच्या, हे तिथले काम. जुन्या पद्धतीत थाळी लेथच्या एकाच बाजूला चिकटवून किंवा जबड्यात पकडून फिरवत. कधी कधी फिरती थाळी सुटून उडायची आणि कामगाराला इजा होण्याचा धोका असायचा. कंपनीने दुसऱ्या बाजूनेही दाब देऊन थाळी धरून ठेवणारी रचना केली आणि १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालेही.

पुढे दुसऱ्या एका व्यावसायिकाने तशीच रचना वापरल्यावरून वाद सुरू झाला. तो अलाहाबाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या नावाने तो ओळखला जातो. १३ डिसेंबर १९७८ रोजी निकाल लागला आणि पेटंट टिकले नाही. लेथवर दुसऱ्या टोकाने आधार देण्याची पद्धत आधीपासून ठाऊक होती. केलेला बदल म्हणजे कारखान्यातली नेहमीची सुधारणा आहे, तिला शोध म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालात सामान्य माणसाच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, त्या रचनेने काम अधिक सुरक्षित होत होते, असाच कंपनीचा दावा होता. पण सुरक्षित असणे आणि नवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपयोगाची, जीव वाचवणारी सुधारणासुद्धा पेटंटला अपात्र ठरू शकते. आणि याच्या उलटही होऊ शकते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कार्यालयाने पेटंट दिले म्हणून ते वैध असल्याची हमी मिळत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे पेटंट हे नवेपणाचेसुद्धा अखेरचे प्रमाणपत्र नव्हे. मग सुरक्षिततेचे कुठून असणार?

न विचारलेला प्रश्न

परीक्षकाच्या अहवालात ‘हे यंत्र वापरून बनवलेली बॅटरी पेट घेईल का?’ हा प्रश्न नसतो. तो सहसा कारखान्यात जात नाही, यंत्र चालवून पाहत नाही, बॅटरी तापवून किंवा आपटून बघत नाही. तो कागद वाचतो आणि कागदांशी ताडून पाहतो. हा त्याचा दोष नाही. कायद्याने त्याला नेमून दिलेले काम तेवढेच आहे. शिवाय पेटंटने मालकाला ते यंत्र वापरण्याचा परवानाही मिळत नाही. इतरांना अडवण्याचा हक्क मिळतो, इतकेच. विकण्यासाठी लागणाऱ्या बाकीच्या परवानग्या वेगळ्या.

सुरक्षिततेचे टेबल वेगळे आहे. मोबाइल, पॉवर बँक यांच्या लिथियम पेशींसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक आहे आणि त्याखालची नोंदणी सक्तीची आहे. त्यात पेशी तापवणे, खाली पाडणे, दाबणे, बाहेरून शॉर्टसर्किट करणे अशा चाचण्या येतात. विजेवरच्या दुचाकींसाठी एआयएस १५६ हे मानक आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात अशा दुचाकींना लागोपाठ आगी लागल्यानंतर ते अधिक कडक करण्यात आले आणि नवे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. वाहनांची अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, ‘एआरएआय’, पुण्यातच आहे. हृदयाचा पेसमेकर, इन्सुलिन पंप यांसारख्या वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत.

वैद्यकीय क्षेत्रात या गोंधळाला आणखी एक पदर आहे. रुग्ण अनेकदा ‘पेटंट औषध’ मागतात. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर ‘पेटंट अँड प्रोप्रायटरी’ असे छापलेले असते. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्यात हा औषधांचा एक प्रकार आहे. आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांतले घटक घेऊन कंपनीने स्वतः जुळवलेला पाठ, एवढाच त्याचा अर्थ. त्या ‘पेटंट’चा पेटंट कार्यालयाशी संबंध असेलच असे नाही आणि आजार बरा होण्याशी तर अजिबात नाही. दुसरीकडे, शस्त्रक्रियेची किंवा उपचाराची पद्धत कितीही नवी आणि गुणकारी असली तरी भारतीय कायदा तिला पेटंट देत नाही. शल्यविशारदाच्या हातातल्या अवजाराला पेटंट मिळू शकते, त्याच्या हातोटीला नाही. कोणत्याही रुग्णावर करता येणारा उपचार कोणा एकाच्या मालकीचा होऊ नये, हा त्यामागचा विचार. त्यामुळे ‘पेटंट नाही’ म्हणजे ‘दर्जा नाही’, हेही खरे नव्हे.

घरात काय पाहावे

कारखान्यात सेपरेटर दुमडला गेला की नाही, हे ग्राहकाला कधीच कळणार नाही. पण काही गोष्टी त्याच्या हातात असतात. बॅटरी, चार्जर, पॉवर बँक घेताना मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह आणि क्रमांक पाहावा. त्या वस्तूचाच चार्जर वापरावा. स्कूटर किंवा तिची काढलेली बॅटरी जिन्यात, पॅसेजमध्ये अथवा घराच्या एकमेव दारापाशी चार्ज करू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. रात्री सगळे झोपलेले असताना चार्जिंग टाळावे. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नये.

बॅटरी फुगली, तिला गोडसर उग्र वास येऊ लागला किंवा ती विनाकारण तापू लागली, तर तिचा वापर लगेच थांबवावा. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नये. आतला पडदा फाटायला तेवढे पुरते. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी.

पेट घेतलेल्या बॅटरीचा धूर साध्या धुरासारखा नसतो. आतल्या क्षारामुळे त्यात हायड्रोजन फ्लोराइड हा दाहक वायू असू शकतो. अशा वेळी वस्तू वाचवायला थांबू नये. सगळ्यांना घेऊन बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. धूर छातीत गेला असेल, तर सुरुवातीला बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. श्वासाचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो. भाजलेल्या जागी २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात आणि स्वच्छ कापडाने जागा सैल झाकून रुग्णालय गाठावे.

आणि पुढच्या वेळी विक्रेता ‘‘बॅटरी पेटंटेड आहे,’’ म्हणाला, तर त्याला शांतपणे दोन प्रश्न विचारावेत. पेटंट नेमके कशाचे आहे? आणि सुरक्षिततेच्या चाचणीचे प्रमाणपत्र कुठे आहे? पहिल्याचे उत्तर कदाचित ‘पापुद्रे उचलून ठेवण्याच्या यंत्राचे’ असेही निघेल, आणि त्यामागची कल्पकता खरोखर दाद देण्याजोगी असेल. गाडी घरी न्यायची की नाही, हे मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकूनच ठरवावे.